मेलेलं जनावर खाडी समुद्रात नेत नाही

ठाणे खाडीच्या काठावर समज जुना आहे: तबेल्यात म्हैस मेली की ओहोटीला खाडीत सोडावी, सहा तासांत ती समुद्राला मिळते.

उतरतं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून हे पटतं. पण ओहोटी सरली की तेच पाणी भरतीबरोबर मागे येतं. त्यात ठाण्याकडे खाडी अरुंद, उथळ, काठाला दाट तिवरं. कोपरीच्या काठावरून तरंगणारा थर्माकोलचा एखादा तुकडा नजरेत धरा. ओहोटीला खाली गेलेला तुकडा बऱ्याचदा भरतीला परततो, नाहीतर तिवरांच्या मुळांत अडकतो. म्हशीचंही तेच होतं. आधी ती बुडते, मग पोटात वायू धरून फुगून वर येते आणि चिखलात रुतून तिथेच सडते. त्याच पाण्यात कोळी जाळी टाकतात, फ्लेमिंगो चरतात.

खरा मार्ग जमिनीवरच आहे. आधी पशुवैद्यकाला कळवा. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) शंका घ्या: कापू नका, कातडं काढू नका, डॉक्टर येईपर्यंत हलवूही नका. या रोगाचे जंतू मातीत अनेक वर्षं टिकतात.

एरवी नाक-तोंडात कापडाचे बोळे घालून, ताडपत्रीत गुंडाळून, गळती नसलेल्या टेम्पोतून महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने दाखवलेल्या जागीच न्यावं. फरफटत तर कधीच नाही. विहीर-ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावं. नंतर टेम्पो आणि ताडपत्री जंतुनाशकाने धुवावी.