पार्श्वभूमी : प्रभुभोजनाची पंगत आणि सेटलमेंटची हजेरी

उपवासाचे दिवस सुरू झाले की सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक जुना विषय पुन्हा निघतो. घराच्या वाटणीवरून बोलणं तुटलेले दोन भाऊ एकाच चर्चमध्ये येतात. एक पुढच्या बाकावर, दुसरा दाराजवळ. पाळकसाहेब आणि मंडळीतले वडीलधारे दोघांच्याही घरी जाऊन येतात, कारण मनात अढी ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये एकत्र भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला, येऊ नये असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या, गुड फ्रायडेला वाचल्या जाणाऱ्या सात वचनांतलं पहिलं वचनही क्षमेचंच. भाऊबंदकीतल्या या क्षमेवर उपदेश पुष्कळ होतात. तिच्यामागचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि त्यात सोलापूरचं एक अवघड पान आहे.

देव दयाळू आहे, याबद्दल मंडळीत दुमत कधीच नव्हतं. भांडण पेटायचं ते पुढच्या पायरीवर : क्षमा झाली हे ठरवणार कोण, आणि चुकलेल्याला पंगतीत परत बसवायचं कधी? रोमन सम्राटाच्या छळात घाबरून देवतांना बळी अर्पण केलेल्यांचं काय करायचं, यावर 251 साली कार्थेजला सभा भरली. प्रायश्चित्तानंतर दार उघडावं, असा कौल पडला. रोममधला एक कडवा गट तो न मानता वेगळा झाला. 1215 साली वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची झाली. 1517 नंतर पापमुक्तीच्या पत्रांवरून युरोप दुभंगला, ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे अमेरिकन मिशन 1813 मध्ये मुंबईला, 1831 मध्ये अहमदनगरला आणि 1860 च्या दशकात सोलापूरला आलं. हे मिशनरी ज्या परंपरेतले होते, तिच्यात स्थानिक मंडळीच सभासदाला आत घेई आणि शिस्तीसाठी बाहेरही ठेवी. दारू, तंटा, जातीचा विटाळ पाळणं ही कारणं गंभीर मानली जात. शिस्त कडक होती, पण तिला एक अर्थ होता. चूक ज्याची त्याची, कबुलीही ज्याची त्याची, आणि कबुलीनंतर सगळ्यांबरोबर एकच भाकर, एकच प्याला.

या अर्थालाच सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या कुंपणबंद वसाहतीत, तडा गेला. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये सुधारून देशभर वापरता येईल असा करण्यात आला. मुंबई इलाख्याच्या सरकारने कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग-गारुडी अशा जमातींना तारेच्या कुंपणात वसवायला घेतलं. सोलापूरचं सेटलमेंट चालवायची जबाबदारी सरकारने मिशनकडे दिली, आणि मिशनने ती स्वीकारली.

हा निर्णय योग्य होता का, यावर आजही मंडळीत एकमत नाही. मिशनची बाजू घेणारे सांगतात की मुलांना शाळा मिळाली, मोठ्यांना गिरणीत काम मिळालं, आणि कारभार निव्वळ पोलिसांच्या हाती गेला असता तर हाल वाढले असते. यातलं काहीच खोटं नाही. पण हजेरी डोळ्यांपुढे आणावी. नाव पुकारलं की समोर येऊन उभं राहायचं. कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं तर पास हवा. परगावी नात्यातली मयत असली तरी आधी परवानगी, आणि हजेरी चुकली तर तोच गुन्हा. वहीत नाव चढायला काही केलेलं असण्याचीही गरज नव्हती, त्या जमातीत जन्म झाला एवढं पुरे होतं. आणि ही वही ज्यांच्या हाती होती, तेच देवाच्या दयेचा उपदेश करणारे होते. ज्याने काही केलेलंच नाही, त्याला कसली क्षमा देणार? मिशनच्या माणसांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. तरीही सोलापूरच्या ख्रिस्ती इतिहासातली ही सगळ्यात मोठी चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा आणि दवाखाने काढूनही तिची भरपाई होत नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांचा संशय तसाच राहिला. 1970 मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या, तेव्हा मिशनच्या मंडळ्याही त्यात गेल्या. मालमत्तेचे वाद कोर्टात पोचले. ज्यांनी एकमेकांना क्षमा करायची, तेच वादी-प्रतिवादी झाले.

गेल्या काही दशकांत क्षमेची चर्चा बदलली आहे. 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला एका मिशनऱ्याला दोन मुलांसह जिवंत जाळलं गेलं आणि त्याच्या पत्नीने मारेकऱ्यांना क्षमा केली. तेव्हापासून आपल्याकडच्या उपदेशांत हे उदाहरण कायम असतं, आणि ते असावंच. मात्र त्याच काळात मंडळीनेच क्षमा मागावी, ही मागणीही जगभर पुढे आली. 2000 च्या मार्चमध्ये पोपनी चर्चच्या लेकरांच्या पापांसाठी जाहीर क्षमा मागितली. त्याआधी 1986 मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळीने तिथल्या मूळ रहिवाशांची माफी मागितली होती. दोन वर्षांनी मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांनी उत्तर दिलं : माफीची दखल घेतली आहे, पण ती अजून स्वीकारलेली नाही, आधी वागणूक दिसू द्या.

सोलापुरात हा मुद्दा निघाला की ‘झालं गेलं विसरा, येशूने शिकवलंय ना’ असं पटकन म्हटलं जातं, आणि बहुधा ते सेटलमेंटमध्ये ज्यांचे आजी-आजोबा नव्हते असेच लोक म्हणतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मात्र वेदीजवळ अर्पण ठेवून आधी समेट करायला जायचं आहे ते त्याने, ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे. म्हणजे इथे आधी जायचं आहे ते मंडळीने.