एक हातचा, तोही विसरला

तिसरीतलं मूल ४७ अधिक ३८ करतंय. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, एक हातचा. चार नि तीन सात. उत्तर ७५. तोंडी विचारा, सात नि आठ किती ते झटकन सांगेल. घरचे म्हणतात, "डोकं आहे हो, लक्ष नाही." मग बोलता बोलता आई सांगते की हा सातव्या महिन्यात झाला, दीड महिना काचेच्या पेटीत होता. पण ते काय, जुनं झालं.

मेंदूच्या हिशेबात ते इतकं जुनं होत नाही. गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. अक्रोडासारख्या घड्या मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशीही तेव्हा कोवळ्या असतात, आणि प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला की आधी त्या मार खातात. वायरवरचं प्लॅस्टिक नीट नसेल तशी गत होते. निरोप जातो, पण रमतगमत जातो. म्हणून अशी लवकर जन्मलेली बरीच मुलं वेळेवर चालतात, बोलतात, दोन वर्षांच्या तपासणीत डॉक्टर हसून निरोप देतात, आणि खरी अडचण दुसरी-तिसरीत डोकं वर काढते.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्याही आत जन्मलेल्या मुलांचा 'एपिक्युअर' नावाचा अभ्यास झाला. ती अकरा वर्षांची झाल्यावर त्यांची तुलना त्यांच्याच वर्गमित्रांशी केली. वाचनात सरासरी १८ गुणांची तफावत होती, गणितात २७. तरी विशेष शाळेत फक्त १३ टक्के मुलं होती. बाकीची साध्या शाळेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना जादा मदतीची गरज होती.

हे टोकाचं उदाहरण झालं. आपल्याकडचंही एक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. आपल्या देशात इतकी वर्षं चिकाटीने मुलांच्या मागे राहणं ही सोपी गोष्ट नाही. यात सगळीच बाळं मुदतपूर्व नव्हती, काही पूर्ण दिवसांची पण किरकोळ वजनाची होती. बाराव्या वर्षी या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९० च्या आसपास होता, तर चांगल्या वजनाने जन्मलेल्यांचा ९७. सगळ्यात मागे होती ती लवकर जन्मलेली आणि त्या आठवड्यांच्या मानानेही लहान असलेली मुलं. अडायची कुठे? लिहिण्यात आणि गणितात.

गणितच का, याचा छडा इंग्लंडमधल्या संशोधकांनी लावला. या मुलांना संख्या कळतात. अडचण असते ती चार आकडे काही सेकंद डोक्यात धरून ठेवण्यात, म्हणजे वर्किंग मेमरीत, आणि आकड्याखाली आकडा नेमका मांडण्यात. हातचा तिथे गळतो. शिवाय ही मुलं दंगा करत नाहीत. खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, म्हणून बाईंचं लक्षही जात नाही.

त्यात वयाची भानगड. ५ फेब्रुवारीची तारीख दिलेलं बाळ बारा आठवडे आधी, १३ नोव्हेंबरला आलं असं धरा. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरचं वय मोजतात, त्यामुळे खरं तर पोटात असायच्या दिवसांतच ते एक इयत्ता पुढे सरकलं! मग एक वर्ष थांबवावं? मलाही आधी हेच सुचलं होतं. पण जर्मनीतल्या बव्हेरियात उशिरा शाळेत घातलेल्या मुदतपूर्व मुलांना पहिलीत काही फायदा दिसला नाही, आणि आठव्या वर्षीच्या चाचण्यांत ती उलट मागे होती. नुसतं थांबून भागत नाही, त्या वर्षात मुलाला काय मिळतं हे महत्त्वाचं.

शाळेच्या प्रवेश अर्जात जन्मतारीख असते, रक्तगट असतो, जात असते. कितव्या आठवड्यात जन्म, हा रकाना मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा पहिल्याच पालकसभेत आईनेच बाईंना सांगून टाकावं. करायचं फार नसतं. एका वेळी एकच सूचना, फळ्याजवळची जागा, उतरवून घ्यायला पाच मिनिटं जास्त, चौकटीची वही. आणि हातचा आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहू द्यायचा, चौथीत गेलं तरी, खाडाखोड दिसते म्हणून गुण न कापता.