मनगटातली कंडरा: काहींना असते, काहींना नसते

अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट थोडे आत वाकवले, की मधोमध एक शीर उठून येते. ती शीर नव्हे, पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूच्या टोकाची चिवट दोरी. सरासरी १५ टक्के लोकांच्या एका तरी हातात ती नसतेच. समाजागणिक हे प्रमाण बरेच बदलते. नसली तरी रोजच्या कामात काही अडत नाही.

हातापायांतले असे फरक युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून टिपले. १८१३ साली गांत्झर यांनी अंगठा वाकवणाऱ्या स्नायूच्या जादा भागाचे वर्णन केले. लंडनच्या जॉन वूड यांना तर ३६ शवांत स्नायूंचे ५५८ फरक आढळले. डार्विनने १८७१च्या ग्रंथात हा आकडा दिला, कारण त्याला माणसाचे प्राण्यांशी असलेले नाते दाखवायचे होते. रुग्णाचा विचार नंतर आला. गांत्झरचा स्नायू नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दाबू शकतो, हे पुढे कळले. काही जणांच्या कोपराच्या वर स्ट्रदर्सचा अस्थिबंध, म्हणजे तंतूंचा एक जादा पट्टा, असतो. दंडातून मनगटामार्गे हातात जाणारी मीडियन नस त्याखाली दबली, तर त्रास हातात जाणवला तरी मनगटावर शस्त्रक्रिया करून उपयोग नसतो.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चे, केईएम आणि सेठ जी. एस. कॉलेज १९२६चे. १९४९च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस मृतदेह डिसेक्शनसाठी देण्याची तरतूद केली. ज्यांना शेवटी न्यायला कोणी आले नाही, त्यांच्याच हातापायांवर या शहरातले डॉक्टर शिकले. हे ऋण फार मोठे आहे, आणि टेबलावर दिसलेला प्रत्येक वेगळा स्नायू नोंदवला जावा असे मला त्यामुळेच वाटते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचना शस्त्रक्रियांना वाहून घेतले. कुष्ठरोगाने आखडलेली बोटे सरळ करताना कधी कधी कंडरेचा तुकडा जोडावा लागतो. तो पामारिसमधून किंवा पोटरीतल्या प्लँटारिसमधून घेतात. म्हणून ती कंडरा आहे की नाही, हे आधीच तपासायला हवे. पामारिस समजून मीडियन नसच काढली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. हाताची पकड आणि संवेदना ज्या नसेवर अवलंबून, तीच गेली! पामारिसची चाचणी अर्ध्या मिनिटात होते. प्लँटारिस मात्र पोटरीत खोल असते, बोटांना लागत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी करावी लागते.