सनदशीर, कायदेशीर, रीतसर : तीन शब्द, तीन अमदानी

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. त्यासाठी वर्षानुवर्षे चाललेल्या आंदोलनाची जुनी निवेदने काढली, तर एक शब्द हमखास सापडतो : सनदशीर. उपोषण सनदशीर, मोर्चा सनदशीर आणि कामकाजापासून अलिप्त राहणे, तेही सनदशीर. २०१३ मध्ये तर वकील कित्येक दिवस कोर्टात उभेच राहिले नाहीत. वास्तविक वकिलांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवले होते. मग जे कायद्यात बसत नाही ते सनदशीर कसे? कोल्हापुरी माणसाला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या लेखी सनदशीर आणि कायदेशीर हे दोन शब्द एक नाहीतच. का नाहीत, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

'कायदा' आणि 'सनद' हे दोन्ही मूळचे अरबी शब्द, मराठीत आले ते फारसी दरबारी कारभारातून. पण गावगाड्यात वागणे बरोबर की चूक हे ठरायचे ते या दोहोंवरून नव्हे, तर 'चालत आल्या'वरून. जुन्या कागदांत 'सुदामत चालत आले असेल तैसे चालवणे' (म्हणजे पूर्वापार चालत आले तसेच चालवावे) अशा धाटणीची वाक्ये जागोजागी भेटतात. वतन, मानपान, पाटाचे पाणी, बांधावरची वाट, सगळ्याचा आधार वहिवाट. 'रीतसर' हा शब्द याच घरातला. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्यातली पदनामे काही काळ चालली. रोजच्या व्यवहारातली फारसी मात्र हलली नाही. सातबारा काढायला गेलेल्या माणसाच्या तोंडी आजही फेरफार, दाखला, कबजा हेच शब्द असतात. आणि शेताच्या रस्त्याचा वाद तहसीलदारापुढे गेला की पहिला सवाल वहिवाटीचाच असतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तिला अजून जागा दिलेली आहे.

कोल्हापूर संस्थानात रीत आणि कायदा एकमेकांसमोर उभे राहिले ते शाहू महाराजांच्या काळात. या प्रकरणाकडे शब्दांच्या अंगाने फारसे कुणी पाहत नाही. करवीर दरबारात विधिमंडळ नव्हते. हुजूरचा हुकूम गॅझेटात छापून आला की तोच कायदा. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम असाच निघाला. पुढे १९१७ ते १९२० या चार वर्षांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, विधवा पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध, जोगतिणी-देवदासींचे हक्क असे कायदे एकामागून एक आले. १९१८ मध्ये महार वतनाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पिढीजात गावकाम करण्याची, पद्धत बंद केली गेली. त्याआधी बायकोला मारणे कुणाला गैर वाटत नव्हते, ते घरचे मामले होते. आता तो गुन्हा झाला. उलट जातीबाहेरचे लग्न कुठल्याच रीतीत बसत नव्हते, ते कायदेशीर ठरले. 'रीतसर' आणि 'कायदेशीर' यांचा जोड इथे सुटला. (लग्नपत्रिकेत मात्र रीत अजून जिंकते. कायदेशीर लग्न म्हटले की लोकांना रजिस्टर ऑफिस आठवते आणि आवाज आपोआप खाली येतो.)

सनदशीरची गोष्ट याहून गंमतीची आहे. सनद म्हणजे राजाने दिलेला लेखी अधिकार. बिनशेतीची सनद, गावठाणातल्या घराची सनद, वकिलीची सनद हे सगळे त्याच अर्थाचे. इंग्रजी अमलात नेमस्त, म्हणजे मवाळ, पुढाऱ्यांनी अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाला सनदशीर म्हणायला सुरुवात केली. टिळकांनी 'केसरी'तून नेमके बोट ठेवले : सनदशीर की कायदेशीर? हिंदुस्थानला इंग्रजांनी राज्याची सनदच दिलेली नाही, तेव्हा सनदशीर चळवळ या बोलण्याला अर्थ काय? आणि नुसते कायदेशीर म्हणावे, तर कायदा करणारे तेच, उद्या बदलणारेही तेच. म्हणून कसोटी न्याय, नीती आणि इतिहासाची, असा त्यांचा रोख होता. मराठीत या विषयावर एवढे धारदार लिहिलेले माझ्या तरी वाचनात दुसरे नाही.

कोल्हापुरात या प्रश्नाचा प्रत्यय पुढे आला. संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या प्रजा परिषदेत माधवराव बागलांबरोबर उभे राहिलेले रत्नाप्पा कुंभार १९४२ च्या चळवळीनंतर भूमिगत होते. पोलीस ज्याला शोधत होते तोच माणूस काही वर्षांत घटना समितीत जाऊन बसला. त्याच समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी बजावले की, घटनात्मक मार्ग बंद होते तेव्हा सत्याग्रहाला कारण होते. ते खुले झाल्यावर उरत नाही. टिळकांना नसलेली सनद आता मिळाली होती. कोल्हापूर संस्थान त्याच वर्षी १ मार्चला मुंबई प्रांतात विलीन झाले होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा घडवायला घेतली आणि विधी, वैध, विधिग्राह्य, अधिनियम यांची रांग लागली. हिंदी संविधान 'विधि के समक्ष समता' म्हणते. मराठी संविधानाने मात्र 'कायद्यापुढे समानता' असेच ठेवले, हे बरे केले. मराठीत विधी म्हटले की आधी लग्न नाही तर श्राद्ध आठवते. पाटीवर विधी महाविद्यालय असले तरी पोरगा जातो लॉ कॉलेजलाच. 'वैध' पेट्रोल पंपावर वैध मापन खात्यापुरता उरला; 'अवैध' मात्र वाळू, दारू आणि मटक्याच्या बातम्यांत रोज राबतो.

पोलीस ठाण्याची मराठी याहून जुनी आणि मला विचाराल तर याहून जिवंत. 'गैरकायद्याची मंडळी जमवून' हे शब्द फिर्यादीत अजून सापडतात. पाच किंवा अधिक जण आणि कायद्याने मना केलेला समान उद्देश असला की मंडळी गैरकायद्याची होते. आधी भारतीय दंड संहितेचे कलम १४१ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १८९ आहे. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागते, तेव्हा पाच माणसे परवानगीवाचून एकत्र येण्यालाच मनाई. त्यामुळे कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेणारा कार्यकर्ता निवेदनात 'सनदशीर मार्गाने' लिहितो, खाली 'अन्यथा होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील' असेही लिहितो आणि पोलीस परवानगीची प्रत सोबत जोडतो.