हाडाची मूठ की सांबरशिंगाची?

जुन्या अमेरिकन घडीच्या चाकूची तपकिरी, खडबडीत मूठ दिसली की बरेच जण ‘स्टॅग’, म्हणजे हरणाच्या शिंगाची, म्हणून मोकळे होतात. त्यातल्या पुष्कळशा मुठी गाईबैलांच्या नळीच्या, म्हणजे पायाच्या हाडाच्या असतात. यात बघणाऱ्याचा फारसा दोष नाही, कारण हाडावर खाचा पाडायची पद्धत आलीच मुळी शिंगाची नक्कल म्हणून.

खरा स्टॅग म्हणजे बहुतेक वेळा आपल्याकडचं सांबर. त्याचं शिंग गळतं आणि नवं येतं. वाढत्या शिंगावर मखमली कातडी असते. ती सुकली की सांबर झाडाझुडपांवर शिंग घासतं आणि वरच्या सालीला तपकिरी रंग चढतो. सांबरशिंगाचा गाभा कमी पोकळ असतो, म्हणून इंग्लंडमधल्या शेफील्डचे चाकूवाले ते भारतातून मागवत. भारताने निर्यात बंद केल्यावर त्याचा भाव चढला.

नळीला मात्र बराच सोपस्कार लागतो. आत चरबी राहिली तर रंग नीट बसत नाही, म्हणून हाड आधी उकळून, चरबी काढून वाळवतात आणि मग पट्ट्या कापतात. खाचा पाडायच्या, म्हणजे जिगिंगच्या, यंत्रात फिरतं पातं पट्टीला टेकतं आणि उचललं जातं; दर वेळी आइस्क्रीमवर चमचा फिरवावा तशी छोटी खाच उठते. नंतर पट्ट्या रंगाच्या गरम पाण्यात मुरवतात. रंग सगळीकडे सारखा शिरत नाही, शिवाय पॉलिश करताना कडांवरचा थर निघून जातो. त्यामुळे खाचा गडद आणि कडा फिकट दिसतात. नेमकी हीच छटा शिंगालाही असते, आणि घोळ इथेच होतो.

म्हणून रंग सोडा, खाचा बघा. शिंगाच्या पन्हळी लांबीच्या दिशेने वाहतात, मध्येच फुटतात, दोन बाजू कधी जुळत नाहीत. जिगिंगच्या खाचा तुटक आणि एकाच मापाच्या असतात. अपवाद विंटरबॉटम पद्धतीचा: पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या क्वीन कंपनीच्या चाकूंवर दिसणाऱ्या या लांब, वाहत्या खाचा भल्याभल्यांना चकवतात. तिथे भिंग घ्या. घासलेल्या कडेवर बारीक काळे ठिपके आणि रेषा दिसल्या तर ते हाड. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. शिंगाच्या पट्टीच्या टोकाला बहुधा स्पंजासारखा गाभा डोकावतो. यातलं काहीच नसेल आणि दोन्ही बाजूंची नक्षी एका साच्यातली वाटत असेल, तर ते डेलरिन, म्हणजे प्लास्टिक. तापवलेली सुई टोचायचा सल्ला मिळेल, पण चांगल्या चाकूला डाग कशाला?

माझं मत विचाराल तर रोजच्या खिशासाठी हाड बरं. फक्त गरम पाण्यात बुडवू नका, खिळ्यांपाशी तडकतं. आणि मेळघाटात किंवा ताडोबात गळून पडलेलं शिंग दिसलं तर तिथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते उचलून घरी आणणं गुन्हा आहे.