यंत्र मूत्रपिंडाचे, भार रक्तवाहिन्यांवर

सिंधुदुर्गातल्या एका डायलेसिस केंद्राबाहेर बाकावर बसलेले आजोबा मला म्हणाले होते, "सकाळी उठल्याबरोबर आदी हात कानाक लावतंय. घुमता हा म्हटल्यार मगे चाय." त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर जाड झालेली, वेडीवाकडी शीर होती. हाच त्यांचा फिस्टुला, म्हणजे मशीनला रक्त मिळावे म्हणून धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. बोट ठेवले तर आत सतत काहीतरी थरथरते, आणि कान लावला तर गुणगुण ऐकू येते. ती थांबली तर त्या दिवशी मशीनवर जाता येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्यासोबत आलेल्या सुनेचा प्रश्न वेगळा होता. शेजारच्या वाडीतला माणूस तीन वर्षे नियमाने डायलेसिस घेत होता. रक्त साफ होत होते, रिपोर्टही ठीकठाक होते. एका सोमवारी पहाटे तो अचानक गेला, आणि डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. मूत्रपिंडाचे काम मशीन करत असताना हृदय का जावे? याचे उत्तर शोधायला जगातल्या डॉक्टरांना काही दशके लागली.

कोकणाला मूत्रपिंड निकामी होणे नवे नाही. भातलावणीच्या चिखलातून येणारा लेप्टोचा ताप, घोणस किंवा फुरसे चावल्यावर दिवसभरात बंद होणारी लघवी, हे इथल्या पिढ्यांनी पाहिले आहे. असा रुग्ण मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर गोव्याला बांबोळीला वेळेत पोचला तर त्याला काही दिवस, फार तर काही आठवडे मशीनची गरज पडते. मग बहुतेकदा मूत्रपिंडे पुन्हा चालू होतात आणि माणूस घरी येतो. तेवढ्या काळात रक्तवाहिन्यांवर फारसा परिणाम होत नाही. जन्मभराचे डायलेसिस मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक पहिल्या संशोधकालाही फार कडवटपणे कळला.

विलेम कोल्फ हा डच डॉक्टर. जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन या लहान गावात, सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी ड्रमवर गुंडाळून त्याने यंत्र बनवले. 1943 मध्ये 29 वर्षांच्या एका तरुणीवर त्याने उपचार सुरू केले. रक्तातली घाण कमी होत होती, तिला बरे वाटत होते. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडायची आणि काम झाले की ती बांधून टाकायची. बारा वेळा झाले आणि सुई घालायला जागाच उरली नाही. यंत्र चालू स्थितीत असताना ती गेली. पुढे 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई त्याच्या यंत्राने वाचली, ती वाचलेली पहिली रुग्ण. तिचा आजार तात्पुरता होता, आपल्या लेप्टोच्या रुग्णासारखा.

नंतर पंधरा वर्षे डायलेसिस हे तात्पुरत्या आजाराचेच औषध राहिले. 1960 च्या मार्चमध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी एका धमनीतून बाहेर काढून शेजारच्या शिरेत सोडली आणि ती हातावर कायमची ठेवली. मशीन जोडायचे तेव्हा नळी मधून सोडवायची, एरवी रक्त तिच्यातून फिरत राहायचे. क्लाइड शील्ड्स हा पहिला रुग्ण. काही दिवसांत मरणार असलेला हा माणूस 11 वर्षे जगला, आणि मूत्रपिंडाने नव्हे, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. पुढे जे हजारोंच्या बाबतीत दिसले, ते पहिल्याच रुग्णात घडून गेले होते.

नळीत गाठी होत, जंतू शिरत. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या जेम्स सिमिनो आणि मायकेल ब्रेशिया यांनी बाहेरची नळीच नको म्हटले. सिमिनो यांनी तरुणपणी रुग्णालयात रक्त काढण्याचे काम केले होते, त्यामुळे शिरा त्यांना हाताने ठाऊक होत्या. त्यांचे सहकारी सर्जन केनेथ ॲपेल यांनी मनगटातली धमनी शेजारच्या शिरेला सरळ जोडली. ज्या धमनीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जाते, तिच्यातून काही आठवड्यांनी पाचशेच्या वर जाऊ लागते, आणि त्या जोराने शीर जाड होते. आजोबांचा हात घुमतो तो या प्रवाहामुळे. साठ वर्षे झाली, तरी याहून चांगली सोय अजून सापडलेली नाही.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते. फिस्टुला चांगल्या शिरेतूनच होतो, आणि आपल्याकडे अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याची सवय आहे. मधुमेह आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारा घटक) दोन्ही वाढलेल्या माणसाच्या मनगटावर, कोपराजवळ पुन्हा पुन्हा सुया टोचल्या जातात. मग खरी गरज येते तेव्हा शिरा वठलेल्या असतात आणि गळ्यातल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो. त्यातून जंतुसंसर्ग होतो. अशा एका घरातली धावपळ मी जवळून पाहिली आहे. ज्याची मूत्रपिंडे मंदावत आहेत त्याने सुईसाठी पंजाची मागची बाजू पुढे करावी आणि मनगटाच्या वरचा हात राखावा, हे वेळेवर कुणीतरी सांगायला हवे होते.

पुन्हा सिएटलकडे. 1974 मध्ये लिंडनर, शारा, शेरार्ड आणि स्क्रिब्नर यांनी तिथल्या 39 रुग्णांचा तेरा वर्षांचा हिशोब मांडला. निम्म्याहून अधिक गेले होते, आणि त्यातले बहुतेक हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने. या निबंधाने 'वेगाने वाढणारे धमनीकाठिण्य', म्हणजे धमन्या भराभर कडक आणि अरुंद होणे, हा शब्दप्रयोग रूढ केला. मशीन माणसाला मूत्रपिंडाच्या मरणापासून वाचवते, पण त्याच्या रक्तवाहिन्या लवकर म्हाताऱ्या होतात, हे पहिल्यांदा स्पष्ट झाले. 1990 च्या दशकाअखेर मोठ्या नोंदींतून दिसले, की डायलेसिसवरच्या माणसांत हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू सर्वसाधारण लोकांपेक्षा दहा ते वीस पट आहेत. तरुण रुग्णांत तर ही तफावत याहून कितीतरी मोठी.

सुरुवातीला सगळ्यांना वाटले, चरबीचाच थर असणार. पण या रुग्णांत आणखी एक विकार ठळक असतो. जर्मनीचे मोंकेबर्ग यांनी 1903 मध्येच त्याचे वर्णन केले होते: धमनीच्या आतल्या अस्तरात नव्हे, मधल्या स्नायूंच्या थरात कॅल्शियम साचते. नळी बुजत नाही, कडक होते. हे कॅल्शियम नुसते साचतही नाही. रक्तात फॉस्फरस वाढला की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आपले काम सोडून हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात. धमनीत हाड तयार होते म्हटले तरी फार चूक नाही. 2000 मध्ये गुडमन आणि सहकाऱ्यांनी डायलेसिसवरच्या तरुणांच्या हृदयाचे स्कॅन केले. विशी ते तिशीतल्या 16 पैकी 14 जणांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियम सापडले.

फॉस्फरस मशीनने पुरेसा निघत नाही. चार तासांत साधारण एक ग्रॅमच्या आत-बाहेर निघतो, आणि जवळपास तेवढाच आपण रोज खातो; मशीन मात्र आठवड्यातून दोन-तीनदाच. म्हणून जेवणासोबत फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या आल्या. आधी ॲल्युमिनियमच्या. 1970 च्या दशकात कळले की ॲल्युमिनियम मेंदू आणि हाडे बिघडवते. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या आणि त्यातले कॅल्शियमच धमन्यांकडे जाते की काय, अशी शंका आली. पुढे सेव्हेलामर या कॅल्शियम नसलेल्या गोळीने धमन्यांतला साठा सावकाश वाढतो असे 2002 मध्ये दिसले, पण त्याने सरसकट आयुष्य वाढते हे नंतरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले नाही. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची चूक सुधारताना नवा प्रश्न उभा केला. तरीही जेवताना गोळी चुकवू नये असेच मी म्हणेन. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि काळी कोल्ड्रिंक, दोन्हींत फॉस्फरस भरपूर असतो.

कडक नळीचे नुकसान समजायला पोफळीच्या बागेतला रबरी पाईप आठवावा. नवा असतो तेव्हा पंपाचा प्रत्येक धक्का तो फुगून जिरवतो. उन्हाने कडक झाला की तोच धक्का थेट टोकापर्यंत जातो. महाधमनीचे तसेच आहे. हृदयाने रक्त ढकलले की एक लाट निघते, दूरवर आपटते आणि परत फिरते. धमनी मऊ असेल तर लाट सावकाश परतते, तोवर हृदयाचे ठोकणे झालेले असते. धमनी कडक असेल तर लाट हृदय अजून ढकलत असतानाच त्याच्या अंगावर येते, बंदराच्या धक्क्यावरून उलटणाऱ्या उधाणासारखी. दर मिनिटाला सत्तर वेळा हा मारा सोसून हृदयाची भिंत जाड होते.

या लाटेचा वेग मोजता येतो. 1999 मध्ये ब्लाशे, गेराँ, लंडन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी 241 डायलेसिस रुग्णांत तो मोजला. ज्यांची लाट सेकंदाला 12 मीटरपेक्षा वेगवान होती, त्यांचा मृत्यूचा धोका 9.4 मीटरच्या आतल्यांपेक्षा पाच पटींहून जास्त निघाला. 2001 मध्ये त्याच गटाने 150 रुग्णांत दाखवले, की औषधांनी रक्तदाब उतरला तरी ज्यांच्या लाटेचा वेग उतरला नाही ते अधिक गेले. म्हणजे दंडावरचा आकडा ठीक दिसला तरी नळी सैल झाली असेलच असे नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे असेच झाले. 2005 मध्ये 1255 आणि 2009 मध्ये 2776 रुग्णांच्या चाचण्यांत त्यांनी डायलेसिसवरच्या माणसांना ठोस फायदा दिला नाही. कारण मुख्य दुखणे चरबीचे नव्हतेच.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते फ्रान्समधल्या तासाँ गावचे काम. सिएटलच्या 1974 च्या निबंधातले बेर्नार शारा तिथे होते. त्यांनी आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी आठ तास, सावकाश डायलेसिस आणि कमी मीठ हा परिपाठ सोडला नाही. अंगातले जास्तीचे पाणी हळूहळू निघाले की बहुतेकांना रक्तदाबाच्या गोळ्यांची गरजच उरत नसे. 1992 मध्ये 445 रुग्णांचा हिशोब आला: दहा वर्षांनी 75 टक्के हयात. तेव्हा मधुमेहाचे रुग्ण कमी होते हे खरे, पण तेवढ्याने हा आकडा पुसला जात नाही.

इकडे मिठाचा विषय निघाला की घरात शांतता पसरते. सुके बोंबील, खारवलेला बांगडा, मीठ घालून टिकवलेले कोकमाचे आगळ, खारातली कैरी, हे आमच्या पावसाळ्याचे जेवण. मिठाने तहान लागते, तहानेने पाणी, आणि दोन डायलेसिसमध्ये वजन तीन-चार किलोने वाढते. ते चार तासांत ओढून काढताना रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, आणि कडक धमन्यांच्या हृदयाला हा चढउतार झेपत नाही.

यात दिवसांचे अंतर मोठे ठरते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 32,065 रुग्णांच्या नोंदींतून दिसले, की आठवड्यातल्या दोन दिवसांच्या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू सर्वांत जास्त होतात. त्या शेजाऱ्याचा सोमवार मला तेव्हा आठवला. आपल्याकडे कित्येकजण आठवड्यातून दोनदाच डायलेसिस घेतात, त्यांच्या वाट्याला असे लांब खंड नेहमीचेच. 2016 मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलेसिस कार्यक्रम जाहीर केला, राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही खर्च भागतो. ओरोसला, रत्नागिरीला मशीन आहे. पण विजयदुर्गच्या माणसाला ओरोस गाठायला सकाळ जाते, पावसात दरड कोसळून घाट बंद झाला तर कोल्हापूरला जाणाऱ्याची पाळी चुकते, आणि केंद्रातल्या खाटा चार-चार तासांच्या पाळ्यांत भरलेल्या असतात. आठ तासांची गोष्ट तिथे निघतच नाही.

गणपतीत आणखी एक प्रसंग येतो. मुंबईत डायलेसिसवर असलेला चाकरमानी गावी यायला निघतो, आणि पाच दिवसांसाठी जवळच्या केंद्रात एक पाळी मिळेल का म्हणून आधीपासून फोन करत राहतो. गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एकाला मिळाली. सकाळची आरती झाली, त्याने काट्यावर उभे राहून वजन पाहिले, मोदकाचा अर्धा तुकडा खाल्ला, हात कानाला लावला आणि तो एसटी धरायला निघाला.