ई-कार घेताना अनुदान कोणतं आणि करमाफी कोणती?

"इलेक्ट्रिक गाडीवर सरकार दीड लाख देते" असं कारंजा, दारव्ह्याकडे हल्ली बरेच जण सांगतात. त्या भरवशावर कापसाच्या चुकाऱ्यातून गाडी बुक करायच्या आधी त्यातलं अनुदान किती आणि करमाफी किती, हे वेगळं काढून पाहा.

अनुदान म्हटलं की आपल्याला ठिबक आठवतं: आधी खर्च करा, बिल महाडीबीटीवर चढवा, मग पैसे खात्यात. गाडीचं तसं नाही. केंद्राच्या फेम योजनेत कंपनी बिलातच रक्कम कमी करायची आणि नंतर सरकारकडून वसूल करायची. शिवाय फेम-२ मध्ये कारचं अनुदान फक्त टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराला होतं, घरच्या गाडीला नाही. ऑक्टोबर 2024 पासूनच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत तर कार बसतच नाही. दीड लाखाचा आकडा राज्याच्या 2021 च्या ई-वाहन धोरणातला. कमाल दीड लाख, तेही पहिल्या 10,000 कारना. 2025 च्या धोरणातही किमतीवर सूट आहे. पण ती तुमच्या कोटेशनमध्ये छापलेली नसेल, तर हिशेबात धरू नका.

करमाफीत असा मिळेल-न मिळेलचा प्रश्न नाही. पेट्रोलची 10 ते 20 लाखांची गाडी घेतली की राज्यात 12 टक्के वाहन कर लागतो. म्हणजे 12 लाखांच्या गाडीला 1,44,000 रुपये. ई-कारला हा कर माफ असल्याने तेवढे पैसे खिशातून जातच नाहीत. शेजारचा "मला दीड लाख मिळाले" म्हणतो ते बहुतेक हेच. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या ई-गाड्यांना 6 टक्के कर सुचवला होता, तोही सरकारने मागे घेतला. बरं झालं.

जीएसटीही ऑगस्ट 2019 पासून 5 टक्केच आहे. पण तो एक्स-शोरूम (वाहन कर आणि विमा सोडून) किमतीत आधीच धरलेला असतो. विक्रेता तो 'खास सूट' म्हणून दाखवत असेल तर तिथेच थांबवा.

कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत मात्र विसरा. 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच ती होती. आणि ज्याचं सगळं उत्पन्न वावरातलं, त्याला आयकरच नसल्याने तिचा उपयोग तेव्हाही नव्हता.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो बँकेत. "अनुदान आलं की त्यातून भरू" म्हणून कुणी मार्जिनचे, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः भरायचे, पैसे कमी धरतो आणि डिलिव्हरीच्या आठवड्यात सोनं गहाण ठेवायची पाळी येते. म्हणून कोटेशन घेताना एक्स-शोरूम किंमत, वाहन कर, विमा आणि अनुदान अशा चार वेगळ्या ओळी लिहून मागा. वाहन कराच्या ओळीत शून्य दिसलं पाहिजे. अनुदानाची ओळ कोरी असेल, तर मार्जिन पूर्ण किमतीवर काढा.